पांच फुटांची वैनगंगा

गेल्या वर्षीं ऐन उन्हाळ्यांत आमच्या चंद्रपूरच्या घरीं एक वाद निघाला, तो दिवाळीपर्यंत पुरला. विषय म्हटला तर क्षुल्लक: कॅमेरा कोणता घ्यावा. परंतु एकत्र कुटुंबांत चार लाखांच्या वरची वस्तु घ्यावयाची म्हणजे तो प्रश्न एकट्याच्या हौसेचा राहत नाहीं. त्यांत माडीचे वाळवीनें पोखरलेले वासे येतात, धाकट्यांच्या शिक्षणाचा खर्च येतो, आणि ज्यांच्याकरितां वस्तु घ्यावयाची त्या वडील माणसांची इच्छाहि येते. आम्ही मॅट्रिक होऊन पुढें संस्कृताच्या पाठांत आयुष्य घालविलेले शाळामास्तर. यंत्रविद्येशीं आमचा संबंध नाहीं. तथापि मध्यस्थी आमच्याकडे आली, आणि तिच्यापायीं जें शिकावें लागलें तें, घरांत मोठें छायाचित्र लावूं इच्छिणाऱ्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून, येथें मांडतों.

वादाचें मूळ असें. आमच्या थोरल्या वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे. त्यांचें माहेर चामोर्शीकडचें, वैनगंगेच्या कांठचें. गुडघ्यांनीं साथ सोडल्यापासून त्यांचें बाहेर जाणें खुंटलें. सारा दिवस माजघरांतल्या झोपाळ्यावर जातो. त्या वर्षीं महाशिवरात्रीला त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, मार्कंड्याची नदी कांहीं आतां दृष्टीस पडत नाहीं." त्यांचा धाकटा मुलगा तेव्हां नागपुराहून घरीं आला होता. त्यानें तें ऐकलें व मनाशीं ठरविलें कीं, आईला नदीकडे नेतां येत नसेल तर नदी माजघरांत आणावयाची; झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर, दोन कोनाड्यांच्या मध्यें, पांच फूट लांब व तीन फूट चार इंच उंच अशी.

ज्यांनीं मार्कंडा पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा निघाला. या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा पुष्कळ अंतर वाहते. दक्षिणेकडे निघालेली ही नदी मार्कंड्यापाशीं वळण घेऊन कांहीं अंतर उत्तरवाहिनी होते, म्हणून त्या स्थानास क्षेत्राचें महत्त्व. कांठावर मार्कंडेश्वराचें व भोंवतालच्या देवळांचें शिल्पांनीं गजबजलेलें आवार, खालीं वाळूचें विस्तीर्ण पात्र, आणि पलीकडे झाडीची लांबच लांब रेघ.

मे महिन्यांत पुतण्या एका मित्राचा कॅमेरा घेऊन तेथें गेला. तो दोन कोटि चाळीस लक्ष बिंदूंचा होता, म्हणजे चित्राच्या लांबींत सहा हजार व उंचींत चार हजार बिंदु टिपणारा. मुलें ज्यांस पिक्सेल म्हणतात तेच हे बिंदु. सकाळचे दहा वाजून गेले होते, कॅमेरा हातांत होता, आणि जवळचें दूरचें सर्व स्पष्ट यावें म्हणून भिंगाचें छिद्र त्यानें अगदीं बारीक, २२ या अंकावर, केलें होतें. संगणकाच्या पडद्यावर चित्र सुरेख दिसलें. तें एका दुकानांतून पांच फुटांचें छापून आणलें व भिंतीशीं धरलें. दुरून नदी नदीसारखी होती. वहिनी काठी टेकीत उठल्या, चष्मा सारखा केला आणि भिंतीशीं जाऊन म्हणाल्या, "हीं झाडें आहेत कीं शेवाळ?"

पुतण्याचा निष्कर्ष तत्काळ निघाला: कॅमेरा लहान पडला. त्यानें जो हेरून ठेविला होता तो फुजीफिल्म कंपनीच्या जी.एफ.एक्स. १०० या मालिकेंतला. त्याची प्रकाश टिपणारी पट्टी, जिला सेन्सर म्हणतात, ४४ मिलिमीटर लांब व ३३ मिलिमीटर रुंद. नेहमींच्या चांगल्या कॅमेऱ्याची ३६ व २४ असते. बिंदु दहा कोटींच्या वर. नुसत्या देहाचेच चार लाखांहून अधिक, भिंग निराळें. सूनबाईंनीं माडीच्या वाशांची आठवण दिली, आणि तेथून वादास आरंभ झाला.

मोठ्या चित्राला मोठा कॅमेरा, ही समजूत निराधार आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. एके काळीं ती जेथें धूर तेथें अग्नि या व्याप्तीइतकीच पक्की होती. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या मंडळींतले. त्या पिढीचा ठसा कांचेवर कागद ठेवून निघे, म्हणून कांच जेवढी तेवढेंच चित्र. कॉलोडियन लावलेली कांच ओली असतांच तिच्यावर प्रकाश घ्यावयाचा व ती वाळण्यापूर्वीं जागच्या जागीं काळोख्या तंबूंत धुवावयाची. पुरातत्त्व खात्याच्या बेग्लर यांनीं १८७३-७४ च्या दौऱ्यांत आमच्या मार्कंड्याच्या देवळांचीं छायाचित्रें घेतलीं. त्या दिवसांत मोठें चित्र हवें असणाऱ्यास मोठी पेटीच वाहून न्यावी लागे. आतां कांच गेली. पण पेटी मोठी हवी हा संस्कार मागें राहिला.

आम्हीं हिशेब दुसऱ्या टोंकापासून, म्हणजे भिंतीपासून, मांडला. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढ्या कोनांत असलेले दोन बिंदु निरोगी डोळ्यास जेमतेम वेगळे दिसतात. त्यावरून एक सोपी रीत निघते. ३४३८ या संख्येस पाहण्याच्या अंतराच्या इंचांनीं भागावें. दर इंचास किती बिंदु पुरेत तें कळतें. एक फुटावरून पाहावयाचें तर २८६ लागतात. छापणारे लोक सरसकट तीनशें मागतात तो आंकडा या फूटभर अंतरास साजेसा आहे. आमचा झोपाळा भिंतीपासून आठ फूट. तेथून ३६ पुरतात! मित्राच्या कॅमेऱ्याचे सहा हजार बिंदु साठ इंचांवर पसरले तर दर इंचास शंभर होतात, म्हणजे झोपाळ्यावरून पाहणाऱ्यास गरजेच्या जवळजवळ तिप्पट.

पण वहिनी झोपाळ्यावरून पाहत नाहींत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचा जवळचा चष्मा पोथीच्या अंतराचा आहे, दीड फुटाचा. आणि चित्रहि त्या तेवढ्याच अंतरावरून पाहतात. दीड फुटास १९१ बिंदु लागतात. प्रदर्शनांत चित्रापुढें दोरी बांधतां येते. माजघरांत मुलें चित्रावर बोटें ठेवणार आणि वडील माणसें त्याला नाक लावणार. यासाठीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरांतलीं दोन अंतरें मोजून घ्यावींत, एक झोपाळ्याचें व दुसरें पोथीचें. आमच्या वादांतला अर्धा गोंधळ हीं दोन अंतरें एक समजल्यानें झाला होता.

आतां पांच फुटांवर कोणता कॅमेरा किती बिंदु देतो तें पाहूं. मित्राचा शंभर. निकॉनचा डी ८५०, जो २०१७ सालीं निघाला, लांबींत ८,२५६ बिंदु टिपतो. त्याचे दर इंचास १३७. सोनीचा २०१९ सालचा ए सेव्हन आर फोर, सहा कोटि दहा लक्ष बिंदूंचा, लांबींत ९,५०४, त्याचे १५८. फुजीचे लांबींत ११,६४८, त्याचे १९४. म्हणजे वहिनींच्या १९१ या परीक्षेंत एकटा फुजी उत्तीर्ण! पुतण्यानें आमचीच पाटी आमच्यापुढें धरली. क्षणभर आम्ही निरुत्तर झालों, हें कबूल केलें पाहिजे.

मग त्याच्याच पुस्तिकांतून एक गोष्ट हातीं लागली. सोनीच्या त्या पट्टीवरील एका बिंदूची रुंदी ३.७६ मायक्रॉन, आणि फुजीच्या दहा कोटींच्या पट्टीवरहि तेवढीच. सूत तेंच, फक्त पन्हा मोठा. कापडाचा पन्हा कमी पडला तर आमच्या मातोश्री नवें ठाण आणीत नसत. दोन पन्हे जोडून चादर शिवीत. चित्राचे पन्हेहि जोडतां येतात. कॅमेरा उभा धरून तिपाईवर डावीकडून उजवीकडे फिरवीत तीन चित्रें घ्यावयाचीं, प्रत्येक चित्राचा सुमारें तिसरा हिस्सा पुढच्यावर चढवावयाचा, आणि संगणकाकडून तीं सांधून घ्यावयाचीं. मित्राच्या कॅमेऱ्याच्या तीन उभ्या चित्रांतून दर इंचास १५० बिंदु मिळतात, म्हणजे सोनीच्या एका चित्राच्या आसपास. डी ८५०च्या तिहींतून २०६ मिळतात. वहिनींची परीक्षा त्यांत उतरते, फुजीपेक्षां किंचित् अधिकच गुणांनीं.

बिंदूंच्या या संख्या नुसत्या कागदी वाटतील, म्हणून त्या झाडावर लावून पाहाव्या. आमचें अरण्य मुख्यतः सागाचें व बांबूचें. सागाचें पान फूटभर लांब धरूं. ३५ मिलिमीटरच्या भिंगांतून दोनशें मीटरांवरचें झाड पाहिलें तर मित्राच्या कॅमेऱ्यांत त्या पानाच्या लांबीस नऊ बिंदु येतात, डी ८५०मध्यें बारा. फुजींत तेवढाच देखावा बसविणाऱ्या भिंगांतून सतरा, आणि डी ८५०वर ५० मिलिमीटरचें भिंग लावून तीन चित्रें सांधलीं तरीहि सतराच. नवांत पान म्हणजे एक ठिपका. सतरांत त्याची एक बाजू उजळ व दुसरी छायेंत आहे हें कळूं लागतें. बांबूचें पान बोटभर रुंद, तें दोनशें मीटरांवर या सर्वांत एका बिंदूच्या आसपास संपतें. बांबूचें बन दुरून हिरवी धूसर रेघच राहणार, मग लाखोंची वस्तु आणा. डोळ्यालाहि तें तसेंच दिसतें, तेव्हां तक्रारीस जागा नाहीं.

इतकें झाल्यावर एक शंका उरली. दर इंचास शंभर बिंदु दीड फुटावरून किंचित् मऊ दिसावेत; त्यांचें शेवाळ कां व्हावें? अपराधी दुसरेच होते. पहिला अपराधी भिंगाचें छिद्र. छिद्र फार बारीक केलें म्हणजे प्रकाश कडेनें पसरतो व एका बिंदूची लहान चकती होते. २२ अंकावर ती चकती जवळजवळ ३० मायक्रॉन रुंद होते, आणि मित्राच्या पट्टीवरचा बिंदु सहा मायक्रॉनचा. म्हणजे एकाचा प्रकाश पांचांवर सांडला. ८ अंकावर तीच चकती अकरा मायक्रॉनांच्या आंत राहते. दुसरा अपराधी हात. छिद्र बारीक म्हणून प्रकाश अधिक वेळ घ्यावा लागला, तेवढ्या वेळांत हात हलला. तिसरा अपराधी मे महिना. दहा वाजतां वैनगंगेची वाळू तापून तिच्यावरची हवा उकळत्या आधणासारखी हलत होती, आणि पलीकडची झाडी त्या हवेंतून पाहिली होती. दहा कोटि बिंदूंनीं ती थरथर दहा कोटि बिंदूंत टिपली असती, एवढेंच.

यावर आम्हीं स्थालीपुलाकन्याय लावला. शिजलेल्या भाताचें एक शीत चेपून पाहावें, सारें पातेलें उपसूं नये. साठ इंच लांब व चाळीस इंच उंच चित्राचा पंचविसावा भाग म्हणजे बारा इंच व आठ इंच. तेवढाच तुकडा, पण पूर्ण चित्राच्याच प्रमाणांत, छापून घ्यावा. त्याला थोडक्यांत पैसे पडतात. पावसाळ्यांत उघडीप पाहून पुतण्यानें मित्राचाच कॅमेरा पुन्हां आणला व गांवांतल्या रामाळा तलावाच्या कांठीं पहांटे तीन प्रकारें चित्रें घेतलीं: हातांत धरून २२ अंकावर, तिपाईवर ८ अंकावर, आणि तिपाईवर तीन उभीं सांधून. तिन्ही तुकडे नांव न घालतां भिंतीवर डकविले. वहिनींनीं पहिला नापास केला, दुसऱ्याला "बरा" म्हणाल्या, तिसऱ्यापाशीं थांबून म्हणाल्या, "हा पिंपळ." कॅमेरा एकच, फरक तिपाईचा, छिद्राचा आणि सांध्याचा. पुतण्या त्या दिवशीं फारसें बोलला नाहीं.

सांधण्याच्या युक्तीला मर्यादा आहेत, त्या लपविणें योग्य नव्हे. दगड जागचा हलत नाहीं. पाणी, ढग व पानें हलतात. पहिल्या चित्रांतली लाट दुसऱ्यांत तेथें नसते आणि सांध्यावर ती दुभंगते. म्हणून सांधे जितके थोडे तितकें बरें. मित्राच्या कॅमेऱ्यानें दोन ओळींत सहा-आठ चित्रें घेऊनहि संख्या गांठतां आली असती, पण नदीनें तेवढा वेळ दिला नसता. वारा वाहता असेल, मेघ धांवत असतील, आणि धंदाच चित्रांचा असेल, तर एका क्षणांत सर्व टिपणारी मोठी पट्टी घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच जेथें तिपाई लावतांच येत नाहीं तेथें निराळा विचार. ताडोब्याच्या राखीव अरण्यांत गाडीखालीं उतरूं देत नाहींत, मग तिपाई घरींच बरी. तेथें जाणारे तांदळाची लहान पिशवी गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवितात. तांदूळ आमच्या भागांत कोठेंहि मिळतो. संरक्षित देवळांच्या आवारांत तिपाईस पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीं काढावी किंवा आम्हांप्रमाणें आवाराबाहेर वाळूंत उभें राहावें.

आणखी एक युक्ति पुतण्याच्या मित्रांनीं सुचविली. लहान चित्र संगणकास द्यावें, तो आपल्या बुद्धीनें बारीक तपशील भरून तें मोठें करतो. आम्हीं एक नमुना पाहिला. सागाच्या जागीं पानें आलीं होतीं, स्वच्छ व टवटवीत, पण तीं सागाचीं नव्हतीं. कोठल्या तरी झाडाचीं होतीं. शोभेच्या चित्रास हें चालेल. ज्या माणसाला आपल्या माहेरची झाडी ओळखावयाची आहे, त्याच्यापुढें कल्पित पानें ठेवणें आम्हांस पटलें नाहीं. शिवाय नदीचें रूप स्थिर नसतें. सिरोंच्यास प्राणहिता गोदावरीला मिळते. तिच्या खालच्या अंगास २०१९ सालीं मेडीगड्ड्याचा बंधारा झाला, पात्रांत पाणी तुंबलें. २०२३च्या ऑक्टोबरांत बंधाऱ्याचे खांब खचले, पाणी सोडून द्यावें लागलें, पात्र पुन्हां उघडें पडलें. चार वर्षांत दोनदां पालट. अशा मुलुखांत चित्र म्हणजे त्या दिवसाची साक्ष होय, आणि साक्षीदारानें पदरचें सांगूं नये.

अखेर ठरलें तें असें: डी ८५०चा वापरलेला पण चांगला देह, ५० मिलिमीटरचें साधें भिंग, आणि एक भक्कम तिपाई. तिपाईवर पुतण्या पैसे वांचवूं पाहत होता. तेथें आम्हीं हट्ट धरला. सर्व मिळून फुजी व त्याचें भिंग यांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी पडलें, आणि माडीचे वासे दसऱ्यापूर्वीं बदलून झाले.

नोव्हेंबरच्या आरंभीं आम्ही दोघे मूल व हरणघाटावरून मार्कंड्यास गेलों. पाऊस संपून हवा धुतलेली असते व वाळू तापत नाहीं, असा हा काळ. पहांटे नदीवर धुकें होतें. तें उठेपर्यंत थांबलों; धुकें उठल्यापासून ऊन चढेपर्यंत पाऊण तास मिळाला. तिपाईचे पाय वाळूंत खोल रोवले, मधल्या खांबाला दगडांची पिशवी टांगली. छिद्र ८ वर. भिंगाचा फोकस, प्रकाश व रंगाचें मान तिन्ही हातानें कायम केलीं, नाहीं तर तीन चित्रांचे तीन रंग होतात. बटण बोटानें न दाबतां दोन सेकंदांच्या विलंबावर ठेवलें. चौदा वेळां तिहींचा संच घेतला, त्यांतले दोन निर्दोष निघाले. कच्चें, न दाबलेलें चित्र, ज्यास रॉ म्हणतात, तेंच राखून ठेवलें आहे, तारखेसह.

छपाईबद्दल थोडेंच सांगतों. पांच फुटांच्या चित्राला पांच फुटी यंत्र लागतें हा गैरसमज आहे. कागद गुंडाळीचा असतो, चित्राची चाळीस इंच उंची ४४ इंच रुंदीच्या गुंडाळींत बसते. शाई रंगद्रव्याची मागावी, ती वर्षानुवर्षें टिकते. कागद कापसाचा. बल्लारपूरची कागदगिरणी १९४५ सालीं निघाली व तिच्या बांबूच्या कागदावर आमचें सारें शालेय आयुष्य लिहिलें गेलें. पण या कामास तो उपयोगाचा नव्हे. कांच घातली तर तींत समोरच्या खिडकीचें प्रतिबिंब पडतें, न घातली तर पावसाळ्याची ओल व कसर यांचें भय. आम्हीं प्रतिबिंब न पाडणारी कांच घातली, आणि चौकट भिंतीपासून बोटभर पुढें ठेविली, म्हणजे मागून हवा खेळते.

चित्र लागलें त्या दिवशीं वहिनी प्रथम झोपाळ्यावरूनच बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, दीड फुटावर गेल्या आणि उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकूं लागल्या. साग ओळखला, मधला मोहाचा वृक्ष ओळखला, वाळूवरची नांव कोणाची असावी याचा तर्क केला. डाव्या कडेला पोंचल्यावर थांबल्या व चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, आमचा घाट याच्या पलीकडे. तो घेतला नाहीं का?"

घाट आमच्या लक्षांतच आला नव्हता. चौकट आम्हींच ठरविली होती. पुतण्यानें लागलीच भिंत मोजली. डाव्या कोनाड्यापर्यंत अजून फूटभर जागा आहे, आणि आणखी एक उभें चित्र सांधलें तर तेवढी लांबी मिळते. धुकें उठण्याची वेळ आतां आम्हांस ठाऊक आहे. या नोव्हेंबरांत पुन्हां जावयाचें ठरलें असून, घाटाची खूण कोणत्या झाडावरून ओळखावी तें वहिनींनीं कागदावर लिहून दिलें आहे.